साठ दगडांचं वार्निश

"मामा, तुम्ही मला पुन्हा पुन्हा तोच दगड देताय का?"

मामा दचकले. त्यांच्या ट्रेमध्ये सहा दगड होते आणि सहाही वेगळे होते. वालुकाश्म, चुनखडी, बेसाल्ट, ग्रॅनाइट, शंखजिरं आणि प्यूमिस. एका खोक्यात राहिले तरी एका आईची लेकरं नव्हेत, हे कुणीही बघून सांगितलं असतं.

"नाही गं पोरी. हा पंधरा नंबर, हा एकतीस, हा..."

"नंबर मला कुठे दिसतात?" ती हसली. तिची घडीची पांढरी काठी टेबलावर आडवी पडली होती आणि दोन्ही हात ट्रेवरून फिरत होते. "हाताला सगळे सारखेच लागतात. गार आणि गुळगुळीत. चहाची बशी लागते ना, तसे. हा एवढा एक हलका आहे, बस्स."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि तिची बोटं जिथे जिथे लागली होती ते सगळे दगड सवयीने पुसून घेतले.

मामांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बायकोच्या लक्षात होतं. बाकी अख्ख्या कॉलेजात ते वार्निशमामा. भूशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून ते लागले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला आता दोनच महिने उरले होते. विभागात चारशे बारा दगड होते. प्रत्येकावर मामांच्या हाताने पांढऱ्या रंगात टाकलेला नंबर होता आणि प्रत्येकाला दर उन्हाळी सुट्टीत वार्निशचा एक हात मिळत असे. बाहेरून कुणी पाहुणा आला की मामा कपाटाची काच सरकवत आणि बाजूला उभे राहत. पाहुणा म्हणे, "वा! काय चमक आहे!" मामा खाली बघत. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघे.

विद्यार्थ्यांचीही मामांनी नावं लक्षात ठेवली नव्हती, नंबर ठेवले होते. ही सत्तेचाळीस. अर्जात डोळ्यांबद्दलचा रकानाच नव्हता, म्हणून कॉम्प्युटरने तिला भूशास्त्राला प्रवेश देऊन टाकला आणि पहिल्या दिवशी ती काठी टेकत दारात उभी राहिली, तेव्हा विभागप्रमुखांच्या हातातला चहा तसाच राहिला. विभागप्रमुखांना मुलं भिंगसर म्हणत, कारण गळ्यात कायम दोरीला अडकवलेलं भिंग. माणूस वाईट नव्हता. फक्त घाबरट होता, आणि घाबरट माणूस नियमाच्या आड लपतो.

"हे बघ," त्यांनी तिला सांगितलं होतं, "इथे दगड ओळखायचे असतात. मग फील्डला जायचं असतं, खाणीत, कड्यावर. फील्ड केल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतो, इतिहास घे."

"इतिहासात माणसं फार आहेत सर," ती म्हणाली होती. "मला दगडच हवेत."

शेवटी तोडगा निघाला. तीन आठवड्यांनी चाचणी. पहिल्या वर्षाच्या साठ दगडांतून चिठ्ठी काढून दहा. त्यांतले सात ओळखले तर ती विभागात राहील आणि फील्डलाही येईल. नाही ओळखले तर इतिहास. मामांना तिची तयारी करून घ्यायला सांगितलं होतं आणि तयारीच्या पहिल्याच दिवशी ही तऱ्हा.

"यांना काहीतरी लावलंय," सत्तेचाळीस नखाने दगड खरवडत म्हणाली.

"वार्निश." मामा ताठ झाले. "दरवर्षी एक हात. अठ्ठावीस वर्षं झाली."

"अठ्ठावीस हात?" ती मोठ्याने हसली, मग एकदम गप्प झाली. मामांना लागेल असं तिला वाटलं असावं. "बरं, निदान चुनखडीवर आम्लाचा थेंब टाका. फसफसतं म्हणतात. मला ते ऐकू तरी येईल."

मामा लगेच वाकले आणि टेबलाखालचा जुना बिस्किटांचा डबा ओढला. त्यात चुनखडीचा एक ओबडधोबड तुकडा होता. वर्षानुवर्षं आम्लाचा प्रयोग त्याच तुकड्यावर होत आला होता.

"डबा कशाला? कपाटातला एकतीस नंबर चुनखडीच आहे ना?"

"अगं, कपाटातल्यावर फसफसत नाही."

बोलून गेले आणि मामांचा हात डब्यातच थांबला. कपाटातली चुनखडी फसफसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. भिंगसरांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांच्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. चुनखडी असून ती का फसफसत नाही, हे एकानेही विचारलं नव्हतं. पोरं काय, नंबर पाढ्यांसारखे पाठ करत. चौदा गॅब्रो, पंधरा बेसाल्ट, एकतीस चुनखडी. वार्निशखाली मामांनी उद्या साबणाची वडी ठेवली असती तरी पोरांनी ती गॅब्रो म्हणून लिहिली असती आणि पैकीच्या पैकी गुण घेतले असते.

सत्तेचाळीसने पिशवीतून रुमालात बांधलेला एक दगड काढला. "हा आमच्या घरामागच्या ओढ्यातला. डोळे मिटा आणि सांगा."

मामांनी डोळे मिटले. बोटाखाली कण कण लागला, कच्च्या साखरेसारखा. "वालुकाश्म," ते म्हणाले. मग तिने ट्रेमधला त्यांचा वालुकाश्म त्यांच्या हातात दिला. मामांनी तो उलटासुलटा केला, अंगठा फिरवला. बशी. नुसती बशी. त्यांना फार वाईट वाटलं आणि ते लपवायला त्यांनी उगाचच ट्रे आवरायला घेतला.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या शर्टांचा वास काढतेय. कुणीतरी एकदाचं बोललं म्हणायचं त्या वार्निशला."

"चेष्टा नको गं. पोरगी हुशार आहे. पण तिच्या हाताला काही लागतच नाही."

"मग काढा ते वार्निश."

"काढा म्हणे! लावायला अठ्ठावीस वर्षं गेली. आणि महिनाअखेर समिती येतेय तपासणीला. माझी शेवटची समिती. दरवेळी लिहून जातात, नमुन्यांची निगा उत्कृष्ट. फायलीत सगळे शेरे आहेत माझ्या."

बायको उठली. शोकेसची काच सरकवून तिने निळ्या नक्षीचा कप काढला. लग्नात आलेल्या सहांतला एक. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले, आणि पाहुणे आले की फुटतील म्हणून कधी न काढलेले. तिने तो विसळला, त्यात चहा ओतला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"आज का?" मामांनी विचारलं.

"असंच. कपात चहा कसा लागतो, एकदा बघावं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी मामांनी भिंगसरांची परवानगी मागितली. सर म्हणाले, "समिती येऊन जाऊ दे, मग बघू."

"पण सर, चाचणी समितीच्या आधी आहे."

"मामा, दोन महिने राहिलेत तुमचे. कशाला नसती उठाठेव?"

मामा "बरं" म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ते "बरं" म्हणाले की सांगितलेलं काम होत असे. या वेळी त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्या, जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि थिनरचा डबा फोडला. वास व्हरांडाभर पसरला. भिंगसर आपल्या खोलीतून बाहेर आले, नाक वर करून दोन क्षण उभे राहिले आणि परत आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. एवढ्याबद्दल मामांनी त्यांना पुढची सगळी वर्षं चांगलं म्हटलं.

"दहाच काढतो," मामा पहिल्या दिवशी सत्तेचाळीसला हळूच म्हणाले. "चिठ्ठ्या मीच करणार आहे. कोणते दहा यायचे, ते माझ्या हातात आहे."

ती हात पुसत थांबली. "मामा, तुम्हीच असं केलंत तर मग सरांचं खरंच झालं की. मला दगड येत नाहीत, मला मामा येतात."

मामा ओशाळले. साठ तर साठ, म्हणाले आणि कामाला लागले.

दुपारी तास संपले की दोघं बसत. मामा थिनर लावत, ब्रशने घासत, पुसत आणि सुकलेला दगड तिच्या हातात देत. एकेका थराखालून दगड वर येत होता. प्यूमिसची सगळी भोकं वार्निशने बुजली होती, ती सुईने मोकळी करायला एक अख्खी दुपार गेली. शंखजिऱ्याला हात लावताच ती म्हणाली, "अय्या, पावडर!" सैंधवाचा तुकडा तिने सरळ जिभेला लावला. मामा ओरडले, "अगं, थिनर असेल!" ती म्हणाली, "आहे, पण खारटही आहे." त्यानंतर चाटायचे दगड मामा आधी दोन दिवस उन्हात ठेवू लागले. गॅलिना हातात घेतल्यावर तिचा हात खाली गेला. "एवढासा आणि एवढा जड? याच्या पोटात काय आहे?" शिसं, मामा म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ते हा दगड उचलत होते, पण याच्या पोटात काय आहे असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

थिनरने मामांची बोटं सोलून निघाली. बायको रात्रीच्या जेवणाआधी तेल लावून देई आणि तोंडाने "दगडाच्या सासरी जाऊन आले" म्हणत राही.

आणि मग नऊ नंबर आला. शेल, गाळाचा ठिसूळ दगड. मामा नोकरीला लागले त्या वर्षी पहिल्या फील्डवरून जुन्या सरांनी तो त्यांच्या हातात दिला होता. "नीट न्या, मोडेल," म्हणाले होते. मामांनी सगळी वाट तो पोटाशी धरून आणला. वार्निशचा पहिला हात त्यालाच दिला, तोही मोडू नये म्हणूनच. तिथून बाकीच्यांना लावायची सवय पडली.

मामा त्याला हात लावायला धजत नव्हते. "हा राहू दे," ते म्हणाले. "एकोणसाठ झाले की."

मामांनी दिवसभर तो तसाच ठेवला. संध्याकाळी निघायच्या वेळी त्यांनी स्वतःच ब्रश बुडवला. वार्निश सुटत गेलं आणि त्याबरोबर दगडही सुटत गेला. एक पापुद्रा, दुसरा, तिसरा. जुन्या वहीची शिवण निघावी तसा तो मामांच्या तळहातावर उलगडून पडला. इतकी वर्षं त्याला वार्निशनेच धरून ठेवलं होतं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसणार नव्हतं याचं त्यांना बरं वाटलं.

"मोडला का?" तिने विचारलं. दिसत नसलं तरी कळत होतं तिला.

"मोडला."

तिने हात पुढे केला. मामांनी सगळे तुकडे तिच्या ओंजळीत दिले. तिने एकेक पापुद्रा दोन बोटांत धरून पाहिला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि वास घेतला. "मातीचा वास येतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "मामा, ही गाळाची पानं आहेत. हा मला आता जन्मात चुकणार नाही."

चाचणीच्या दिवशी भिंगसरांनी चिठ्ठ्या स्वतः केल्या, स्वतः काढल्या. मामा भिंतीला टेकून उभे होते. पहिला ग्रॅनाइट. तिने अंगठ्याने कण मोजल्यासारखं केलं आणि सांगितलं. दुसरा सैंधव, जिभेला लावून सांगितला. तिसरी चुनखडी. तिने आम्ल मागितलं, थेंब टाकला आणि कान जवळ नेला. एकतीस नंबर कपाटात आल्यापासून पहिल्यांदाच फसफसला. ते भिंगसरांनाही ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी लिहिणं थांबवलं.

चौदा आणि पंधरा, गॅब्रो आणि बेसाल्ट यांत तिची गफलत झाली आणि दोन गुण गेले. मामांनी कपाळावर हात मारला. पुढचे तीन बरोबर आले. नववी चिठ्ठी निघाली नऊ नंबरची. सरांनी ताटलीतल्या पापुद्र्यांकडे पाहिलं.

"हा मोडला कसा?"

"माझ्या हातून," मामा म्हणाले.

"शेल," ती ताटलीला हात लावताच म्हणाली. सात झाले. दहावाही बरोबर आला.

सरांनी आठ गुण वहीत मांडले. मग त्यांनी आपल्या टेबलावरचा पेपरवेट आणून तिच्या हातात दिला. "आता हा."

हे चिठ्ठीबाहेरचं होतं आणि मामा पुढे होऊन तसं म्हणणारही होते. ती पेपरवेटवरून बोटं फिरवत राहिली. "सर, हा घासून गुळगुळीत केलाय. असा मला नाही सांगता येणार." मग तिने तो उलटा केला. खालची बाजू कारागिराने खडबडीतच सोडली होती. "थांबा. खालून सांगते. ग्रॅनाइट. पण तुमच्या कपाटातल्यापेक्षा बारीक कणांचा."

भिंगसरांनी पेपरवेट घेतला, उलटा करून भिंग लावलं. अकरा वर्षं तो त्यांच्या टेबलावर होता. "फील्डला बूट चांगले घालून ये," ते म्हणाले.

समिती आली. अध्यक्षांनी पहिल्या वर्षाच्या कपाटासमोर उभं राहून विचारलं, "हे असे कळाहीन का?" भिंगसर कारण सांगू लागले, पण अध्यक्षांना पुढच्या विभागात जायचं होतं. अहवालात एक ओळ आली: नमुन्यांची निगा असमाधानकारक. मामांच्या फायलीतला तो शेवटचा शेरा. सर म्हणाले, "मी खुलासा पाठवतो." मामा म्हणाले, "राहू द्या सर. बाकीचे सत्तावीस चांगले आहेत." त्यांना लागलं नाही असं नाही.

फील्डच्या आदल्या रविवारी मामा एकटेच बस पकडून जुन्या दगडखाणीत गेले. खाणीच्या वाटेपासून कड्यापर्यंत त्यांनी कमरेच्या उंचीवर दोरी बांधली, झाडाला, खांबाला, जिथे काही नव्हतं तिथे पहार ठोकून. पायरी आली की दोरीला एक गाठ. हात लावायचा कडा आला की दोन गाठी. मग डोळे मिटून स्वतः चालून पाहिलं, दोनदा आपटले आणि तिथे आणखी गाठी मारल्या.

"पडली तर?" त्या दिवशी बसमधून उतरताना भिंगसर पुन्हा पुटपुटले.

"पडली तर उठेल सर. दरवर्षी दोघंतिघं पडतात. त्यांना तर डोळे असतात."

सत्तेचाळीस दोरी धरून निघाली. मामा मागे, हात न लावता. दोन गाठींपाशी ती थांबली आणि कड्यावर दोन्ही तळवे टेकवले. बाकी पोरं लांब उभी राहून वहीत कड्याचं चित्र काढत होती. जाड थर, त्यावर जाड थर. ती खालून वर चाचपत गेली आणि एका जागी तिचं बोट आत गेलं.

"सर, इथे काहीतरी मऊ आहे. बोटभरच. मग परत दगड."

सर आले. सावलीत, पुढे आलेल्या दगडाखाली मातकट शेलचा एक बारीक थर होता. सरांनी भिंग लावलं आणि वळून मुलांच्या वह्यांकडे पाहिलं. एकाच्याही चित्रात तो नव्हता. "पुसा आणि परत काढा," ते म्हणाले. "आधी येऊन हात लावा." पोरं दोरी धरून रांगेने आली. दोघातिघांनी डोळेही मिटले होते.

परत निघताना तिने मामांच्या हातात त्या थरातला एक तुकडा ठेवला. "नऊ नंबर रिकामा आहे ना."

मामांचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यात आला. हार, चहा, भाषण झालं. सर म्हणाले, "मामांमुळे आमची कपाटं चमकली." सगळ्यांनी वळून पहिल्या वर्षाच्या कपाटाकडे पाहिलं, ते काही चमकत नव्हतं, आणि सगळे हसले. मामाही हसले. सत्तेचाळीस सगळ्यांत मोठ्याने हसली.

मंडळी पांगल्यावर मामा प्रयोगशाळेत एकटे गेले. नव्या शेलच्या एका कोपऱ्यात, जिथे बोट पडणार नाही अशा जागी, त्यांनी बारीक नऊ काढला आणि तो कपाटात ठेवला. किल्ल्यांचा जुडगा सरांकडे दिला.

"एक कमी आहे," सर मोजून म्हणाले.

"त्या कपाटाचं कुलूप काढून टाकलंय. लावू नका आता."

निघताना त्यांची नजर कपाटाच्या काचेवर गेली. बोटांचे ठसे, तळव्यांचे ठसे, खालपासून वरपर्यंत. काच अशी मळलेली मामांनी कधी राहू दिली नव्हती. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग त्यांनी फडक्याची नीट चार पदरी घडी केली, खिशात ठेवली आणि दार ओढून घेतलं.